बाळराजाचा तिसरा घास

एक होता राजा. नाव वीरभान. त्याला ना आवडती राणी होती, ना नावडती. लग्नच व्हायचं होतं अजून. पण गोष्ट सुरू होते तो पाळण्यात असताना. कुमे, पांघरूण डोक्यावरून काढ बघू. आत तोंड हलतंय कशाला तुझं? असू दे. ऐक.

तर वीरभान पाळण्यात असतानाच त्याची आई गेली. मग त्याला वाढवलं तानाक्का दाईनं. टेंभुर्णवाडीची साधी बाई, पण तिच्या मांडीवर बाळराजा असा झोपायचा की नगारा वाजला तरी उठायचा नाही. ती त्याच्याशी खेळायची. त्याच्या तोंडावर पदर टाकायची नि म्हणायची, "बुवाऽऽ..." मग पदर ओढायची. "कुक!" तुम्हीही खेळलात सगळे. पहिल्यांदा रडलात, दुसऱ्यांदा दचकलात, तिसऱ्यांदा खुदकन हसलात. हसलात म्हणजे तुम्हाला कळलं, की पदराआड आजी असतेच.

बाळराजाही हसला. पण त्याला भलतंच कळलं. त्याला वाटलं, मी बघत नाही तेव्हा तानाक्का नसतेच. मी बघतो, म्हणून ती होते.

आता एवढ्याशा बाळाला काय वाटायचं ते वाटो. मोठेपणी कुणी कान धरला असता तर निभावलं असतं. पण राजपुत्राचा कान धरणार कोण? त्याच्या मनात जिलेबी यायची नि ताटात जिलेबी पडायची. आचाऱ्याला त्याची आवड ठाऊक होती, दुसरं काय! पण तो म्हणाला, "मी मनात आणली म्हणून जिलेबी झाली." सगळे म्हणाले, "जी सरकार." मग तो म्हणाला, "मी झोपलो की सूर्यही नसतो." सगळे म्हणाले, "जी सरकार." आप मेला, जग बुडालं म्हणतात ना? हा नुसता घोरायला लागला तरी जग बुडायचं. मग तो गादीवर बसला नि म्हणाला, "खरा मी एकटाच. तुम्ही सगळी माझ्या डोक्यातली चित्रं." चित्रांनी माना डोलावल्या. "जी सरकार." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सांगायची एकाचीही छाती झाली नाही.

एकदा काय झालं, टेंभुर्णवाडीची माणसं दरबारात आली. गावची विहीर आटली होती. पाण्यासाठी दरीत उतरावं लागत होतं. "महाराज, नवी विहीर खोदून द्या," म्हणाली. राजा म्हणाला, "टेंभुर्णवाडी? मी कधी पाहिली नाही. म्हणजे नाहीच ती." नि त्यानं पाठ फिरवली. थोड्या वेळानं वळून बघतो, तर माणसं नाहीत. "बघा, संपली!" संपली कसली? हात हलवत घरी गेली बिचारी.

हे तानाक्काच्या कानावर गेलं. तोवर तिची दृष्टी गेली होती बरं का. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन ती राजापुढे उभी राहिली. म्हणाली, "बाळराजा, तुझ्या लेखी माझं गावच नाही. मग मी इथं राहून काय करू? येते मी."

आपण निघताना 'जाते' म्हणतो का? नाही म्हणत. 'येते' म्हणतो. राजाला हसू आलं. "येते कसलं, अक्का? उंबऱ्याबाहेर पाय पडला की तू नसशीलच. जाते म्हण."

"असं अभद्र बोलू नये रे. एकदा 'ये' म्हण, म्हणजे निघते."

"जा," राजा म्हणाला.

ती क्षणभर उभी राहिली. मग चौकट चाचपत, उंबरा शोधत निघून गेली. राजानं लगेच ताट मागवलं. त्याला वाटलं, भूक लागली असेल.

वर्ष झालं. राजा शिकारीला गेला. रानडुकराच्या मागे धावता धावता सोबतीची माणसं चुकली, घोडा उधळला, ऊन डोक्यावर आलं. घशाला कोरड पडली. मग राजानं डोळे मिटले नि मनात पाणी आणलं. उघडले तर खडक. मग जिलेबी आणली. उघडले तर वाळलेलं गवत. मग नोकरचाकर आणले. उघडले तर एक कावळा, नि तोही उडून गेला. मनातलं पाणी घशाखाली उतरत नाही, बरं का.

मग चालता चालता एका गावाच्या कडेला त्याला एक खोपट दिसलं. दार उघडं. दाराशी पाण्यानं भरलेला माठ. राजानं तो तोंडाला लावला नि पार रिकामा केला. मग आत बघतो तो काय, तानाक्का! वाळून काटकी झालेली. चुलीपाशी बसून भाकरी कुस्करत होती. हाक मारावी असं त्याला वाटलं. पण ज्या तोंडानं 'जा' म्हटलं, त्या तोंडानं हाक कशी मारायची? तो गप्प उभा राहिला. पोटात तर कावळे ओरडत होते.

तानाक्कानं पानावर तीन घास काढले नि चाचपत दाराशी आणून ठेवले. "हा घास चिऊचा," म्हणाली. राजानं हळूच उचलला नि खाल्ला. मांजर डोळे मिटून दूध पितं. हे मांजर डोळे उघडे ठेवून खात होतं, कारण समोरचीला दिसत नव्हतं. "हा घास काऊचा." तोही खाल्ला. मग तिसराही उचलून तोंडात टाकला, नि तानाक्का म्हणाली, "आणि हा घास माझ्या बाळराजाचा. असेल तिथं उपाशी नसो."

तिनं पान चाचपलं. रिकामं. माठ चाचपला. तोही रिकामा. "मने, खाल्लंस होय गं?" ती म्हणाली. "खा. पाणीही सांडलंस वाटतं. असू दे. उतरते पुन्हा." नि कळशी घेऊन ती बाहेर निघाली. खोपटापासून दरीत खालपर्यंत झाडाझाडाला एक दोरी बांधलेली होती. तिला धरून ती रोज पाणी आणायची.

राजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घास आत जाईना, बाहेरही येईना. त्याला वाटलं, खरा मी एकटाच ना? मग मला लाज कुणाची वाटतेय? चित्राची कधी कुणाला लाज वाटते का? हिला तर मी दिसतसुद्धा नाही! तिला नाहीशी करायला त्यानं डोळे गच्च मिटले. मिटले तर ती जास्तच दिसायला लागली. तिचे पाय वाट चाचपताना ऐकू आले. वर्षभर तो म्हणत होता, ती नाहीच. नि वर्षभर ती रोज त्याचा घास काढत होती. तिलाही तो दिसला नव्हता, पण तो नाही असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मग ज्यांच्याकडे त्यानं पाठ फिरवली होती, ती सगळी माणसं एकेक करून त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे उभी राहिली. राजाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो धावत गेला. मग त्यानं तानाक्काचा पदर धरला नि स्वतःच्या तोंडावर ओढून घेतला.

"बुवा," तो कसंबसं म्हणाला.

तानाक्का थबकली. पदरावरून तिनं त्याचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, तापलेले कान चाचपले. मग तिनं पदर ओढला.

"कुक," म्हणाली. "तुझा घास खाल्लास ना?"

"अक्का, चिऊचा नि काऊचाही मीच खाल्ला."

"आणि पाणी?"

"तेही मीच प्यालो."

"मग उचल कळशी."

राजानं तीन खेपा केल्या. हाताला फोड आले. सगळं गाव बघत होतं, पण 'जी सरकार' कुणी म्हटलं नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "सरकार, दिसली का टेंभुर्णवाडी?" राजानं मान वर केली नाही.

संध्याकाळी त्याची माणसं शोधत आली. निघताना राजा उंबऱ्यात उभा राहिला नि म्हणाला, "येतो, अक्का." तिनं त्याला जरा उभंच ठेवलं. तेवढा हक्क होता तिचा. मग म्हणाली, "ये."

मग तो खरंच आला. विहीर खोदली तेव्हा मातीच्या पाट्या त्यानंही उचलल्या. पुढे दरबारातून कुणीही 'येतो' म्हणून निघालं, की राजा उठून 'या' म्हणायचा. म्हणताना दरवेळी त्याचे कान लाल व्हायचे, म्हातारपणापर्यंत. टेंभुर्णवाडीला पाणी मिळालं, चिऊकाऊला त्यांचे घास मिळाले, तानाक्काला तिचा बाळराजा मिळाला. सगळी सुखानं राहिली.

चला, मिटा आता डोळे. मिटले तरी मी इथंच आहे. आणि कुमे, लाडवाचा डबा कुणी उघडला ते मी विचारत नाही. पांघरुणात कुणाचे कान तापलेत ते मला न बघताही कळतंय. सकाळी सांग. नीज आता.