मान खाली न घालणारी हरणी

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा जंगलाला कुंपण नव्हते आणि घराला कुलूप नव्हते. संशय मात्र तेव्हाही होता. तो माणसाबरोबरच जन्माला आला असावा.

एका उंच कड्याच्या माथ्यावर दहा-बारा घरांची वाडी होती. कड्याच्या पोटाला आग्या माशांची मोठाली मोहोळे लटकत. वाडीतली माणसे दोराला लोंबकळून खाली उतरत, वाळक्या पाल्याच्या पेटत्या चुडीच्या धुराने माशा उठवत आणि मध काढत. मध देऊन खालच्या गावातून धान्य आणायचे, असे त्यांचे पोट चाले.

या कामाला दोघे लागत. एक उतरणारा आणि एक वर दोर धरणारा. दोर कुणी धरायचा, याचा रिवाज ठरलेला होता. बायकोच्या भावाने धरायचा, दुसऱ्या कुणी नाही. म्हाताऱ्यांनी हा रिवाज फार विचार करून घातला होता. सख्खा भाऊ एखादे वेळी रागाच्या भरात दोर सोडील, पण आपल्या हाताने बहिणीचे कुंकू कोण पुसेल?

त्या वाडीत एक मधकाढ्या होता. मोहोळ काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाच वर्षे मेहुणा त्याचा दोर धरत होता. हा मेहुणा अबोल माणूस. दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला द्यायचा, उरलेला दोर कमरेमागून घ्यायचा, टाच दगडाला रोवायची आणि बसायचे. पाच वर्षांत दोघांचे कामापलीकडे फारसे बोलणे झाले नव्हते आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेही नव्हते.

एके दिवशी मधकाढ्या कड्याच्या मध्यावर असताना दोर एकदम हातभर सुटला. लगेच ताणलाही गेला. वर आल्यावर मेहुण्याने सांगितले की पापणीवर माशी डसली, हात सैल झाला. त्याचा डोळा खरोखरच सुजला होता. कुणीही शहाणा माणूस त्यावर घोटभर पाणी पिऊन गप्प बसला असता. हा घरी गेला आणि विचार करत बसला.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्याला आठवले, गेल्या महिन्यात बायको भांडून वाडीच्या दुसऱ्या टोकाला माहेरी गेली होती आणि आठ दिवस तिथेच राहिली होती. त्या आठ दिवसांत भावाबहिणीत काय बोलणे झाले असेल? बहिणीचे कुंकू भाऊ पुसणार नाही हे खरे. पण बहिणीलाच ते नकोसे झाले असेल तर? ज्या रिवाजाच्या भरवशावर सगळी वाडी पिढ्यान् पिढ्या कडा उतरत होती, त्याला या पठ्ठ्याने एका दुपारी भोक पाडले.

मग काय विचारता. बायको हसली की हा म्हणे, हसते का? ती गप्प राहिली की म्हणे, गप्प का? ताटातल्या भाकरीचा पहिला तुकडा तो कुत्र्यापुढे टाकी, कुत्रा आडवा होत नाही हे पाही आणि मगच जेवायला बसे. त्या महिन्यात कुत्रा चांगला गुटगुटीत झाला. बायकोला कळत नव्हते असे नाही, पण बोलायची सोय नव्हती. बोललेल्या प्रत्येक शब्दाला तो आतून उलटून पाहत होता.

पाठ धरल्याचे निमित्त सांगून त्याने दोरावर जाणे थांबवले. दिवसभर कड्याच्या टोकाला बसून तो खाली पाहत राही. तिथे एक मोठे कुरण होते. चितळांचा कळप रोज त्या कुरणात चरायला येई आणि कळपाच्या मागावर बिबट्या येई, रानकुत्रे येत. वरून सगळे स्पष्ट दिसे. बिबट्या ओढ्याच्या झाडीत पोट जमिनीला टेकून सरकायचा, हे हरणांना दिसण्याआधी त्याला दिसायचे. तो पाहायचा, पण ओरडायचा नाही. सावध कोण आणि बावळट कोण, हे त्याला पारखायचे होते.

बहुतेक हरणे त्याच्या लेखी बावळटच होती. मान खाली घालून खुशाल चरत राहायची. दोन-तीन जणींनी मान वर करून इकडेतिकडे पाहावे, मग त्यांनी चरावे आणि दुसऱ्या दोघी-तिघींनी पाहावे, असे त्यांचे चाले. मधकाढ्याला त्याचा राग येई. दुसरी पाहते आहे म्हणून आपण डोळे मिटायचे? तिने मुद्दामच हाक दिली नाही तर?

एक हरणी मात्र त्याच्या मनात भरली. तिचा एक कान फाटलेला होता. कधीतरी बिबट्याच्या पंज्यातून सुटली असावी. ती कळपाच्या कडेला एकटी उभी राही आणि तिची मान सदा ताठ वर. घासभर गवत तोडले की पुन्हा मान वर. बाकीच्या पाहत असल्या तरी ही पाहतच राही. बिबट्याचे नखसुद्धा हलले की आधी हिला दिसे. ही पाय आपटी, तीक्ष्ण हाक देई आणि सगळा कळप उधळे. तीनदा मधकाढ्याने हे डोळ्यांनी पाहिले. त्याने तिचे नाव शहाणी ठेवले. जगावे तर हिच्यासारखे, कुणाच्या भरवशावर राहू नये, असे त्याने मनाशी पक्के केले.

एका दुपारी बायको त्याची भाकरी घेऊन कड्यावर आली. त्याने फार दिवसांनी तिला आपणहून काही सांगितले. शहाणी दाखवली, तिचे गुण गायले. बायको बराच वेळ खाली पाहत राहिली.

"आवं, ती चरती कवा?" तिने विचारले.

हिने असे का विचारले, यातच मधकाढ्या संध्याकाळपर्यंत गुंतून राहिला. हरणीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या, हे त्यालाही दिसत होते. पण बारीक अंगाचे जनावर जास्त पळते, असे त्याने स्वतःला समजावले.

उन्हाळा चढला. मोहोळे भरून काळी झाली. पाऊस पडायच्या आत मध उतरवला नाही तर वर्षभर घरात चूल पेटणार नव्हती. वाडीतल्या सगळ्या जोड्या कड्यावर जाऊ लागल्या. मेहुणा तीनदा दारात येऊन गेला आणि तिन्ही वेळा मधकाढ्याने दुखऱ्या पाठीचे निमित्त पुढे केले. चौथ्या दिवशी, बायको पाण्याला गेलेली पाहून त्याने खुंटीवरचा दोर काढला आणि तो एकटाच वाडीपासून लांबच्या टोकाला गेला. दोर त्याने झाडाला बांधला, चढताना धरायला म्हणून त्यात गाठी मारल्या आणि बुंध्याची गाठ चार वेळा तपासली. झाडाला बहीण नसते, याचे त्याला मोठे समाधान वाटले.

अर्धा कडा उतरल्यावर ते समाधान संपले. वर कुणी नव्हते, म्हणूनच तर वर कुणीही येऊ शकत होते. कोयत्याचा एक घाव, आणि पाहणारेसुद्धा कुणी नाही. पूर्वी त्याची नजर मोहोळावरून ढळत नसे. आता एक डोळा मोहोळावर आणि एक कड्याच्या कडेवर. तो मान वर करी, कुणी नाही हे पाही, सुरी लावी आणि पुन्हा मान वर करी. असे करता करता चुडीकडे त्याचे लक्ष राहिले नाही. चूड विझली, धूर संपला आणि सगळे मोहोळ त्याच्यावर उठले.

खांद्यावरची घोंगडी अंगावर ओढून त्याने कसाबसा शेजारच्या कपारीत अंग घातले. पण तेवढ्यात दोन्ही हात इतके सुजले होते की मूठ वळेना. त्या हातांनी गाठी धरून चढणे शक्यच नव्हते. टोपली खाली गेली, सुरी खाली गेली. आग्या माशांच्या घोंगाटात तो घोंगडीच्या फटीतून एक डोळा बाहेर ठेवून पडून राहिला. त्या फटीतून त्याला कुरण दिसत होते.

ऊन कलायला लागले तेव्हा ओढ्याच्या बाजूने रानकुत्रे आले. दहा-बारा असतील. नेहमीप्रमाणे शहाणीने त्यांना सगळ्यांच्या आधी पाहिले. नेहमीप्रमाणे तिने पाय आपटला, हाक दिली. कळप उधळला आणि समोरच्या टेकडीकडे निघाला. त्या साऱ्या बावळट, चरून पोट भरलेल्या हरणी होत्या. त्यांच्या पायांत जोर होता. शहाणीही पळाली. एका शेताइतके अंतर कापेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. मग सगळ्यांच्या बरोबर आली. मग मागे पडली. तिचे पुढचे पाय दुमडले, ती उठली, पुन्हा पळाली आणि पुन्हा बसली. रानकुत्र्यांना फार घाई करावी लागली नाही.

मधकाढ्या घोंगडीत तोंड खुपसून रडला. बायकोने विचारलेला प्रश्न त्याला आता समजला. हरणीने संकट पाहिले होते, सगळ्यांच्या आधी पाहिले होते. पण पाहिल्यावर पळायला लागते, तेवढे बळच तिने पोटात ठेवले नव्हते.

माशा शांत झाल्या. थोड्या वेळाने वरून माती ओघळली आणि कड्याच्या कडेवर मेहुण्याचे डोके दिसले. खुंटीवर दोर नाही हे पाहून बायको भावाकडे धावत गेली होती आणि दोघांनी सकाळपासून सगळा कडा धुंडाळला होता. मेहुण्याने बुंध्याची गाठ सोडून दोराचा वेढा घेतला, टाच रोवली आणि खाली हाक दिली.

"दाजी, दोर कमरंला बांधा. मी वढतो."

आता तरी या माणसाने काय म्हणावे? शहाणीचे हाल नुकतेच पाहिले होते, डोळे अजून ओले होते. पण सवय जिभेवर आधी येते.

"कुणी धाडलं तुला?" मधकाढ्याने विचारले.

मग सुजलेल्या हातांनी आणि दातांनी कशीबशी गाठ मारून त्याने दोर कमरेला बांधला. दोर ताणला गेला. मेहुण्याने त्याला हातभर हातभर करत वर घेतले, पाणी पाजले, हातांत रुतलेले माशांचे काटे काढले. बायको पदराने वारा घालत होती आणि रडत होती. सगळे झाल्यावर मेहुण्याने दोराची नीट गुंडाळी केली आणि ती मधकाढ्याच्या पायांपाशी ठेवली.

"दाजी, आज वढलं, बहिणीसाठी. उद्यापास्नं मी दोर धरणार न्हाई," तो म्हणाला. "वढताना तुमी सारा वेळ खालनं वर बघत हुता, माझ्या हाताकडं. ती नजर लागली की हात कापतो. कापत्या हातात बहिणीचं कुंकू घिऊन मी बसणार न्हाई."

मधकाढ्याने त्याचे पाय धरले, चुकलो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मेहुण्यानेही त्याला उठवून छातीशी धरले. पण दोर काही त्याने पुन्हा हातात घेतला नाही. राग संपला होता; कंप संपत नव्हता. बायकोला तो एकच भाऊ. दुसऱ्या कुणी दोर धरायचा रिवाज नव्हता. वाडीतल्या सगळ्यात चांगल्या मधकाढ्याचे कड्यावरचे दिवस त्या संध्याकाळी संपले. पुढे नवराबायको रानात डिंक वेचून पोट भरू लागली.

दोन वर्षांनी मधकाढ्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न वाडीतल्याच एका माणसाशी झाले. रिवाजाप्रमाणे आता त्या नवऱ्या मुलाचा दोर मधकाढ्यानेच धरायचा होता. वाडीत कुजबुज झाली. ज्याला साऱ्या जगाचा संशय, त्याच्या हातात जीव कसा द्यायचा, असे लोकांनी नवऱ्या मुलाला बोलूनही दाखवले. तो म्हणाला की माझ्या बायकोचा भाऊ आहे, मला तेवढे पुरे. आणि चूड पेटवून तो उतरला.

मधकाढ्या टाच रोवून बसला. वरून त्याला खालच्या माणसाचे नुसते डोके दिसत होते. एक मोहोळ निघाले, दुसरे निघाले, सूर्य माथ्यावर आला, दोर तळहातांना कापत राहिला. ते डोके एकदाही वर वळले नाही. आपल्यासाठी पाच वर्षे कुणी काय धरून बसले होते, हे त्या दिवशी मधकाढ्याच्या हातांना कळले. संध्याकाळी बहिणीने त्याच्या सोलवटलेल्या तळव्यांना मध लावला. फार दुखते का, असे तिने विचारले. तो नाही म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा रडू लागला.

म्हणून सांगतो बाबांनो, सावध जरूर राहावे. पण ज्याच्या भरवशावर आपल्याला मान खाली घालून चार घास खाता येतील असा एकही सोबती आपण ठेवला नाही, तर वैऱ्याच्या आधी आपला सावधपणाच आपला घात करतो.