ठकूबाईची बाज

फार मागची गोष्ट आहे, इतकी मागची की वेशीवरची चिंच तेव्हा हातभरच होती म्हणे. आमच्या गावात ठकूबाई नावाची सून होती. अंबाडीच्या दोरीनं बाज विणावी तर तिनंच. तिच्या बाजेवर रडकं पोरही गप निजायचं, असं म्हणतात.

पण तिचीच सासू म्हाळसाबाई मुळीच निजत नसे. सासरा झोपेतच गेला होता, तेव्हापासून तिनं धसका घेतलेला. "डोळा लागला की मलाही न्यायला येतील गं," म्हणायची आणि भिंतीला टेकून बसायची. बसून बसून इतकी वाळली, की तिची सावलीही काठीएवढी उरली, असं म्हणतात.

ठकूबाईला आई नव्हती. होती ती ही सासूच. म्हणून तिनं एक नवी बाज विणली, मऊ, सैल, अगदी झोळीसारखी. म्हाळसाबाई आडवी झाली आणि झोपली! सगळं गाव हरखलं. पण दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, म्हातारी उठेना. पेज तोंडाशी नेली तर ओघळून जाई. चिमण्या तिच्या पदराचे धागे घरट्याला नेऊ लागल्या.

"निजू दे की गं, म्हाताऱ्या माणसाला झोप चांगली," शेजारीण म्हणाली.

"चांगली कसली! बाज खाली चाललीय, बघा तरी."

खरंच, झोळ रोज खोल होत होता. जमिनीला टेकायला बोटभरच उरलं होतं. टेकला की संपलं, हे ठकूबाईला कुणी सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात भर दुपारी वेशीवर रेड्याच्या गळ्यातली घंटा वाजली. (इथं मला अजून धस्स होतं.) ठकूबाई पायगतीला बसली, पाय रोवले आणि दोरी ओढली. तळहात सोलले, तरी ओढली. दोरी अशी झणकारली की गावातली सगळी कबुतरं एकदम उडाली. म्हाळसाबाई ताडकन उठून बसली.

"मेले, जीव घेतेस का माझा?"

"नाही आत्याबाई, राखते. चला अंगणात, तूर निवडायचीय."

शिव्या देत देत म्हातारी सूप घेऊन उन्हात गेली.

यमदूत घरात शिरला तर बाज रिकामी. लांबून आलेला, दमलेला. जरा टेकावं म्हणून बसला, पण बाज ठकूबाईची! त्याचाच डोळा लागला. उठला तेव्हा आपण कुणासाठी आलो हेच विसरला होता.

"बाई, घर कुणाचं हे?"

"आमचंच," म्हाळसाबाई म्हणाली. "पाणी पिऊन जा."

तो पाणी पिऊन गेला.

मग ठकूबाई गावभर फिरू लागली. ज्या म्हाताऱ्याला झोप नाही त्याची दोरी सैल करायची, जो दिवसभर लोळतो त्याची ताणायची. म्हाळसाबाईनं नातवाच्या नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या. ठकूबाई तर तिच्याहूनही जास्त जगली. बरोबरीच्या सगळ्या जणी गेल्यावर एका सकाळी तिनं अंगण झाडलं, अंघोळ केली आणि आपल्या बाजेची दोरी आपल्याच हातानं सैल केली, असं म्हणतात.

अजूनही सुगी आटोपली की आमच्याकडं घरातली धाकटी सून वडीलधाऱ्यांच्या बाजेची दोरी ओढते. त्यांनी शिव्या द्यायच्या, तिनं हसायचं. आणि वेशीवरच्या चिंचेखाली एक बाज मुद्दाम सैल विणून ठेवतात. तिच्यावर गावातलं कुणी बसत नाही. येणारा दमून येतो, त्याला तिथंच झोप लागावी म्हणून.