कावळ्याची बातमी आणि तळ्याकाठचा संघ

एका जंगलात, तळ्याच्या काठी, एक फुटबॉलचा संघ राहत असे. जंगलात फुटबॉल कुठून आला, असे विचारू नका. तुमच्या गल्लीतला चेंडू कुंपणापलीकडे गेला की पुन्हा सापडत नाही. तो कुठेतरी जातोच ना! तर त्या जंगलात असे आठ संघ होते आणि प्रत्येकाचे आपापले हिरवे कुरण होते. नियम मात्र कडक होता. वर्षाच्या शेवटी जो संघ सर्वांत खाली राहील त्याने कुरण सोडायचे आणि टेकडीपलीकडच्या खडकाळ माळावर जाऊन खेळायचे. माळावर ना गवत, ना सावली. पण खेळाडूंचे काय, पाय कुठेही सोलवटतात. खरे हाल व्हायचे ते तळ्यातल्या मंडळींचे. कासवे, बदके आणि बेडूक हे सगळे त्या संघाचे हक्काचे प्रेक्षक होते. एवढी टेकडी चढून जाणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. संघ माळावर गेला की त्यांचे सामने पाहणे संपलेच.

आणि यंदा तळ्याकाठचा संघ अगदी शेवटच्या नंबरावर होता.

त्यांचा प्रशिक्षक होता मोर. गोल झाल्यावर कसे नाचायचे, हे त्याने फार सुंदर शिकवले होते. गोल करायचा कसा, हे शिकवायला त्याला सवड झाली नाही. लागोपाठ सामने हरल्यावर तो पिसारा आवरून शेजारच्या जंगलात निघून गेला. आता त्या जागी यायला कुणी तयार होईना. अपयशाचे धनी व्हायला कोण पुढे येतो? शेवटी तळ्यातले सर्वांत वडीलधारे कासव म्हणाले, "साळूआत्याला विचारा."

हे ऐकून सगळे खो खो हसले. साळूआत्या म्हणजे साळिंदर. तिच्या अंगावर हे एवढाले काटे. तिने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. माकड म्हणाले, "आत्या नुसती जवळ आली तरी आपला चेंडू फुस्स होईल!"

कासव हसले नाही. ते म्हणाले, "तुमच्या सामन्याला आम्ही सगळे शेंगा खात गप्पा मारत बसतो. काट्यांमुळे आत्याच्या शेजारी कुणी बसत नाही. त्यामुळे सामना काय तो तिनेच पाहिलाय."

आणि अशी साळूआत्या प्रशिक्षक झाली.

पहिला सामना तिने नुसता पाहिला. समोर हरणांचा संघ होता. आपल्या संघाने चक्क आधी गोल केला. कप्तान होता ससा. पळण्यात पटाईत, पण मनाने भित्रा. गोलात उभे होते अस्वल. अंगाने आडवे, स्वभावाने आनंदी. आणि पुढे खेळत होता कोल्हा. हा मोठा हिशेबी गडी. कोण जिंकले, कोण हरले, कुणाचे किती गुण, हे सगळे त्याला तोंडपाठ असे. सगळे कसे छान चालले होते. एवढ्यात दुसऱ्या कुरणावरून कावळा उडत आला आणि उंबराच्या फांदीवर बसून ओरडला, "बांबूबनात रानडुकरांवर गोल झाला! डाव्या कोपऱ्यातून, उंच चेंडू! काव! डुकरं हरणार!"

रानडुकरांचा संघ गुणांच्या यादीत यांच्या जरासाच वर होता. मग काय विचारता! माकडाने कोलांटी मारली. कोल्ह्याने "म्हणजे आता आपण..." असे म्हणत पंजावर हिशेब सुरू केला. ससा कावळ्याकडे मान वर करून उभा राहिला. अस्वल तर गोल सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत नाचत आले. हरणांना यात काही गंमत वाटली नाही. त्यांनी चेंडू घेतला आणि मोकळ्या गोलात नेऊन ठेवला. थोड्या वेळाने कावळा आणखी एक बातमी घेऊन आला आणि हरणांनी आणखी एक गोल केला. सामना हातचा गेला.

तुम्ही म्हणाल, किती वेडे हे! पण परीक्षेचे पेपर मिळाले की आपले गुण पाहायच्या आधी शेजाऱ्याच्या पेपरात कोण डोकावते, तेही जरा आठवा.

सामना संपल्यावर आत्याने सगळ्यांना बोलावले. तिने विचारले, "आपल्यावर दुसरा गोल कुठून आला?"

कुणी म्हणाले उजवीकडून, कुणी म्हणाले डावीकडून. अस्वल म्हणाले, "मी तर तिथे नव्हतोच, आत्या." निदान ते खरे तरी बोलले.

"आणि बांबूबनात गोल कुठून झाला?"

"डाव्या कोपऱ्यातून, उंच चेंडू आला होता!" सगळे एका सुरात म्हणाले.

मग त्यांचे त्यांनाच कसेसे वाटले. आणि आपली चूक कळली की आपण करतो तेच त्यांनीही केले, दुसऱ्याला धरले. "या कावळ्यामुळेच झालं सगळं!" माकड ओरडले. "हाकलून द्या त्याला!" कावळा बिचारा फांदीवर अंग चोरून बसला. इतके दिवस 'कावळेदादा, काय खबर?' म्हणणारे हेच ते सगळे.

आत्या म्हणाली, "त्याला कशाला बोलता? तुम्ही विचारलंत ते त्याने सांगितलं." मग तिने वर पाहिले. "कावळ्या, तुला उंचावरून सगळं दिसतं ना? मग तिकडचं सांगायचं सोड. आजपासून इथेच बसायचं आणि इकडचं सांगायचं."

कावळ्याला राग आला. "इकडचं काय सांगायचं? ते तर सगळ्यांना दिसतंच!"

"दिसतं का? विचार की त्यांना," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कावळा फांदीवर सरसावून बसला.

आता खरे सांगायचे तर कावळ्याला सुरुवातीला ते काम मुळीच जमले नाही. ज्याने आयुष्यभर चटकदार बातम्या दिल्या, त्याला साधी गोष्ट सांगायला किती जड जाते! तो ओरडायचा, "अस्वलाच्या कानावर माशी बसलीय!" सगळे अस्वलाकडे पाहायचे आणि चेंडू बाहेर जायचा. आत्या त्याला म्हणायची, "माशी राहू दे. मोकळी जागा कुठे आहे ते बघ." हळूहळू त्याची नजर सरावली. "सशा, मागून आला!" "माकडा, उजवीकडे मोकळं!" असे तो थोडक्यात सांगू लागला. आणि त्याचा आवाज कानावर पडला की खेळाडूंचे पाय आपोआप वळू लागले. गोड गळ्याच्या कोकिळेचे हे काम नव्हे बरे का. एवढ्या गोंगाटात ऐकू जायला काव-कावच हवे.

एका सामन्यात बरोबरी झाली. मग एक जिंकला, मग पुन्हा बरोबरी. तळ्यातली बदके शेंगा खायची विसरून सामना पाहू लागली. असे करत करत आपला संघ रानडुकरांच्या एकाच गुणाने पुढे गेला आणि वर्षाचा शेवटचा सामना उजाडला.

सामना होता नीलगाईंशी. त्या वर्षी नीलगाईंना कुणी हरवलेच नव्हते. कोल्ह्याने सकाळीच हिशेब मांडला. तिकडे बांबूबनात डुकरे हरली, तर आपण हरलो तरी वाचलो. पण डुकरे जिंकली, तर आपल्याला जिंकावेच लागणार. बरोबरीनेही भागायचे नाही. तो आत्याकडे येऊन हळूच म्हणाला, "आत्या, आजच्या दिवस कावळ्याला तिकडे पाठव ना. नीलगाईंपुढे उगाच धावून जीव कशाला काढायचा? डुकरंच हरली तर?"

"आणि नाही हरली तर?" आत्याने विचारले.

"म्हणून तर बघून यायला सांगतोय."

"तो इथेच बसेल," आत्या म्हणाली. कोल्हा तोंड वाकडे करून मैदानात गेला.

पंच होते घुबड. त्याला दिवसा नीट दिसत नसे. पण पंचांबद्दल ही तक्रार सगळीकडेच असते. त्याने शिट्टी वाजवली आणि सामना सुरू झाला. नीलगाई वाऱ्यासारख्या आल्या, पण दर वेळी वरून काव ऐकू यायचे आणि कुणीतरी आडवे जायचे. भित्रा ससासुद्धा दोनदा त्यांच्या पायांतून चेंडू घेऊन निसटला. अर्धा सामना झाला, तरी कुणाचाच गोल झाला नव्हता.

आणि मग, नको तेच झाले. बांबूबनाकडून पोपटांचा थवा आला आणि जाता जाता ओरडून गेला, "डुकरं दोन गोलांनी मागे! डुकरं दोन गोलांनी मागे!"

काठावर एकच जल्लोष उसळला. बेडकांनी पाण्यात उड्या मारल्या. अस्वलाची कंबर हलू लागली. कोल्हा जिथे होता तिथेच, डाव्या कडेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वाचलो रे!" तो म्हणाला. "आता बसा निवांत." नीलगाईंनीही पाहिले की हा काही आता खेळत नाही, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी नीलगाय दुसरीकडे निघून गेली.

ससा चेंडू पायाशी घेऊन थांबला. त्याने वर पाहिले. माकडाने पाहिले, अस्वलाने पाहिले, काठावरच्या प्रत्येक बदकाने पाहिले. "कावळेदादा, खरं का रे? जाऊन बघून ये ना!"

कावळ्याचे पंख शिवशिवले. एवढ्या सगळ्यांनी एकदम त्याला कधीच काही विचारले नव्हते. बांबूबन काही लांब नव्हते. एक झेप घेतली असती, तर तो खबर घेऊन आला असता आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला असता. त्याने आत्याकडे पाहिले. आत्या त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती सामना पाहत होती. म्हणून त्यानेही खाली पाहिले.

आणि तो घसा फोडून ओरडला, "तिकडचं मला माहीत नाही! डावीकडे मोकळं आहे! काव!"

सशाने विचार केला नाही. त्याने चेंडू डावीकडे मारला. आणि कोल्हा? त्याचा हिशेब अजून चाललाच होता, पण पायांना इतक्या दिवसांची सवय लागलेली. पाय आधी पळाले, हिशेब मागे राहिला. त्याच्यापुढे एकही नीलगाय नव्हती. त्याने सरळ जाऊन चेंडू गोलात मारला.

पुढचा वेळ कसा गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. चवताळलेल्या नीलगाई एकामागून एक येत राहिल्या. "अस्वला, उजवीकडे!" कावळा ओरडला आणि अस्वल आपल्या भल्याथोरल्या पोटासह उजवीकडे आडवे पडले. चेंडू पोटावर आपटून बाहेर गेला. घुबडाने शिट्टी वाजवली. तळ्याकाठचा संघ जिंकला होता!

सगळे एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होते, तेवढ्यात तोच पोपटांचा थवा परत आला. "शेवटी डुकरांनी तीन गोल मारले!" पोपट ओरडले. "डुकरं जिंकली!"

आपण जिंकलो नसतो तर कुरण गेले असते, हे प्रत्येकाला कळले. मग कासव पाण्यातून म्हणाले, "पुढच्या वर्षीही इथेच का मग सामने?" आणि ससा म्हणाला, "हो आजोबा, इथेच!" त्या भित्र्या सशाच्या डोळ्यांत पाणी आले. मग जो गलका झाला, तो बांबूबनापर्यंत ऐकू गेला असेल.

कोल्हा मात्र एका बाजूला बसला होता. आत्या त्याच्याजवळ गेली.

"आत्या," तो म्हणाला, "पोपट खोटं बोलले नव्हते गं. तेव्हा डुकरं खरंच दोन गोलांनी मागे होती."

"होती ना. बातमी खरीच होती," आत्या म्हणाली. "डुकरांनाही ती ठाऊक होती, त्यांनी जोर लावला. तुम्ही ऐकलीत आणि थांबलात."

कोल्ह्याने बांबूबनाकडे पाहिले. मग म्हणाला, "बिचारी डुकरं. जिंकूनही माळावर जाणार. अशी खेळणारी पोरं, पुढच्या वर्षी परत कुरणावर येतीलच."

"येतील," आत्या म्हणाली. "ऊठ आता. सगळे तुला शोधतायत, गोल तू मारलास."

कोल्हा उठला आणि नाचायला गेला. मोराने शिकवलेला नाच त्यांना अजून येत होता, आणि तो खरोखरच फार सुंदर होता.

तात्पर्य : दुसरा बुडाला म्हणून आपण तरत नाही, हात आपलेच मारावे लागतात.