साखरबंदरची पापलेटं

साखरबंदरच्या मच्छीमार सोसायटीत तेल कंपनीचे राजाध्यक्षसाहेब कागद घेऊन आले. किनाऱ्यासमोर तेलविहीर खोदायची होती. सोसायटीची सही झाली की मासेमारीची सगळ्यात चांगली जागा बंद होणार होती.

"तेल आपल्याच समुद्रातून निघणार, म्हणजे तुमच्या होड्यांना डिझेल स्वस्त!" साहेब म्हणाले. म्हाताऱ्या नाखव्यांना ते पटलंही. कॉलेजात शिकलेली चेतना तोंड उघडणार, तोच चेअरमन पोशाकाका गुरगुरले, "मोठी माणसं बोलतायत ना? तू साहेबांना पापलेटं दाखव जा."

चेतना चरफडत गेली आणि टोपलीभर ताजी पापलेटं घेऊन आली. साहेबांनी खूश होऊन भाव विचारला.

"मुंबईच्या बाजारात आहे तोच."

"अगं, समोरच्या समुद्रातली ना ही? मग इथे तरी स्वस्त दे!"

"कशी देऊ, साहेब? व्यापारी मुंबईचा भाव फोनवर विचारूनच धक्क्यावर बोली लावतात. मासळी कुठल्या पाण्यातली, हे कोण बघतं?"

"तेही खरंच," साहेब हसले. "बाहेर जास्त भाव मिळत असताना घरच्यांना स्वस्त कोण विकेल?"

"मग तुमची कंपनी का विकेल?"

साहेबांचं हसू विरलं. पोशाकाकांनी तो कागद हळूच त्यांच्यापुढे सरकवला. "डिझेलचा भाव तेवढा इथे लिहा, साहेब. मग सही करतो."

साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं आणि गाडीची वाट धरली.