भांडण न झालेले दिवस

माणसाची पायवाट रानात शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोहाच्या एकमेव अरुंद वाटेवर रानडुकरे आणि साळिंदरे जवळजवळ रोज झुंजत. त्यांच्या पायांखाली सापडून वृद्ध कासवाच्या पाठीला तडा गेला होता. आणखी एक खूर पडता, तर ते वाचले नसते.

"आजोबा, आगळीक कुणाची, तेवढे सांगा," रानडुक्कर गुरगुरले.

"ते तुम्ही दोघेही मला रोज सांगता. मी भांडण न झालेले दिवस शोधले. तीनच सापडले."

"भांडणच नाही, तर पाहिलेत काय?" साळिंदर हसले.

"त्या तिन्ही दिवशी वाऱ्याने पलीकडची करवंदीची जाळी वाकली होती आणि दुसरी वाट मोकळी होती."

मग रानडुकराने जाळीची मुळे उकरली, साळिंदराने ती कुरतडली.

कासव मात्र काठावर पाहतच राहिले. वाटा दोन झाल्या होत्या. डोह अजून एकच होता.