राजाचा हरवलेला गाल

एकदा काय झालं, एका राजाची दाढी वाढत वाढत जिन्यावरून खाली अंगणात आली. हसू नका रे, खरंच! राजाचं नाव कनकसेन. वाघाला न भिणारा गडी, बरं का. एका सकाळी दाढीला बसला, तर मोहरीएवढा एक कुजबुज्या त्याच्या कानाशी आला आणि म्हणाला, “वस्तरा लागला तर?” झालं! राजा पाटावरून उठला तो उठलाच.

आधी राजाने त्याला हाकललं. ढोल बडवले, नगारे बडवले. कुजबुज्या बोराएवढा झाला.

मग राजा प्रधानजींना विचारू लागला, “लागणार नाही ना?” ते म्हणायचे, “नाही, महाराज.” थोड्या वेळाने पुन्हा, “नक्की नाही ना?” असं दिवसातून शंभरदा! प्रधानजींचं प्रत्येक ‘नाही’ कुजबुज्या मटकावायचा आणि आणखी मागायचा. झाला नारळाएवढा.

मग राजाने सुऱ्या, विळ्या, कात्र्या, वस्तरे, सगळं कोठारात कोंडलं. राणीसाहेब वैतागल्या. पानात वाढायचं काय, तर अख्खं कलिंगड! कुजबुज्या भोपळ्याएवढा होऊन राजाच्या खांद्यावरच बसला.

असंच चाललं असतं हो. पण राजाची एक लेक होती, मैनू, पाच वर्षांची. बाबांच्या गालाला गाल लावल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तिने दाढीत हात घालून खूप शोधलं आणि म्हणाली, “बाबा, तुमचा गाल हरवला.” मग रडत रडत आईकडे गेली. 

सकाळी राजाने स्वतः कोठार उघडलं आणि म्हाताऱ्या गोंदा न्हाव्याला बोलावलं. म्हणाला, “गोंदाबा, आधी ह्या कुजबुज्याला घालवा, मग दाढी करा.”

गोंदाबा हसला. “सरकार, दाढी करताना नाकावर माशी बसली, तर आम्ही काय सांगतो? हाकलू नका. माशी काही करत नाही. हाकलायला मान हलवली, की लागतं. बसू दे तिला. बसते, चालते, उडते.”

मग राजा पाटावर बसला. पाटाच्या कडा घट्ट धरल्या हो त्याने. आधी कात्री चालली, मग पाणी लावलं, मग वस्तरा आला. कुजबुज्या ओरडला, “लागलं तर?” राजाने मान हलवली नाही. प्रधानजींनाही विचारलं नाही. हळूच म्हणाला, “बस बाबा तू तिथे.”

आणि काय सांगू, हनुवटीवर खरंच लागलं! रक्ताचा एक थेंब आला. गोंदाबाने तुरटी फिरवली. झोंबलं, आणि थांबलं.

“एवढंच?” राजाने विचारलं.

“एवढंच, सरकार.”

खांद्यावर पाहिलं, तर कुजबुज्या पुन्हा मोहरीएवढा! गेला का तो? छे, अजून येतो. राजा म्हणतो, “आलास? बस.” तो थोडा वेळ बसतो, कंटाळतो, आणि जातो.

त्या रात्री मैनूने बाबांचा गाल चाचपला, त्यावर आपला गाल टेकला आणि म्हणाली, “सापडला!” पुढचं बोलायच्या आत तिला झोप लागली. राजाही तसाच झोपला, आणि राज्यात सगळे आनंदात राहिले.

आता तुम्हीही आडवे व्हा पाहू. तुमचा कुजबुज्या आला, तर त्याला उशीच्या कोपऱ्यावर थोडी जागा द्या. आणि या इकडे, माझा गाल आहे जागेवर.