मैनेच्या वाट्याची पेज

“...मग पळी माझ्या हातात का नाही, माय?”

मनीरामने सगळ्यांदेखत विचारलं. जंगलाकाठच्या त्या मठात पळी ज्याच्या हाती, तो स्वयंपाकघराचा धनी. आजवर ती सांभाळणारी रुखमामाय आता थकली होती. तीन वर्षं चूल फुंकून डोळे लाल केलेल्या मनीरामला पळी आपलीच वाटत होती. का वाटू नये?

बाहेर तेंदूपत्ता तोडून आलेली माणसं पंगतीला बसत होती.

“काय केलंस तीन वर्षांत?” मायने विचारलं.

“काय नाही केलं ते विचार! तांदूळ उखळात तीनदा सडतो, पांढराशुभ्र होईस्तोवर. पेजेनं अंग सुटतं, म्हणून ती काढून टाकतो. माठाचे देठ वातूळ, तेही टाकतो. भोपळ्याचं साल तर माणसानं खायचंच नसतं.”

“कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात!”

मायने बाहेरच्या पंगतीकडे बोट दाखवलं.

“मग ही माणसं उन्हं कलायच्या आत पुन्हा भुकेली का होतात रे?”

“हावरट आहेत म्हणून!”

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण माघार घेईल तो मनीराम कसला!

माय उठली. पळी घेऊन थेट गोठ्यात गेली. मनीरामही तणतणत मागे निघाला. एका हातात गरम पेजेची बादली, डोक्यावर देठांची आणि सालींची पाटी, रोजच्यासारखी. म्हशीची वेळ झालीच होती.

मैना उभी होती. काळी, तुकतुकीत, अंगावर माशी ठरत नव्हती.

मायने पळी तिच्या शिंगाला अडकवली.

“घे गं बाई. तीन वर्षं या मठात धड जेवलं असेल कोणी, तर ते तूच.”

पंगतीतून उठून दारात जमलेली माणसं खो खो हसली.

मनीरामच्या कानशिलांना आग लागली. पहाटेपासून तो राबत होता, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि पळी म्हशीला? त्याने ती शिंगावरून ओढली, हौदात खळखळून धुतली आणि बादलीत बुडवली. बादली त्यानेच सकाळी राखेनं घासलेली होती.

“पिऊन दाखवू? हे बघ, पितो! सुटू दे अंग!”

एक पळी प्याला. मग दुसरी, मायच्या डोळ्याला डोळा भिडवून.

पोटात ऊब उतरली. अंगात त्राण आलं. त्याला एकदम रडू आलं, आणि त्याचाही राग आला. तो दारातल्या त्या भुकेल्या माणसांकडे बघत राहिला.

तरी तिसरी पळी भरलीच.

“थांब,” माय म्हणाली. “मीठ घाल आणि वाढायला घे. पंगत खोळंबलीय.”